बोगद्यातला वारा आधी मोजा

एम.टेक.ला असताना चौकोनी खांबामागचा वेक, म्हणजे खांबाच्या पाठीशी तयार होणारा भोवऱ्यांचा पट्टा, मोजायचं काम माझ्याकडे आलं. खांब 40 मिलिमीटरचा, वारा सेकंदाला 10 मीटर. विंड टनेलच्या, म्हणजे पंख्याने मोजका वारा सोडणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बोगद्याच्या, शांत प्रवाहात सगळं पुस्तकाबरहुकूम आलं. ड्रॅगचा, म्हणजे वाऱ्याच्या ओढीचा, गुणांक 2.1च्या आसपास, स्ट्रूहल क्रमांक (भोवरे सुटण्याची वारंवारता, खांबाची रुंदी आणि वेग यांचं गुणोत्तर) 0.13, स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे वारंवारतांच्या आलेखात, 32 हर्ट्झला सुईसारखं टोक.

मग टर्ब्युलन्स, म्हणजे वाऱ्यातली खळबळ, आणायला पुढे जाळी बसवली आणि खांबाच्या डाव्या-उजव्या बाजूचे दाब जुळेनात. दोन आठवडे मी दाबाच्या नळ्या तपासल्या, छिद्रं सुईने साफ केली. शेवटी लॅबमधल्या एका सीनियर दादाने विचारलं, "खांब काढून नुसता वारा मोजलास का गं?" मोजला नव्हता. हॉट-वायर, म्हणजे वेग मोजणारी तापवलेली बारीक तार, आडवी सरकवत नेली, तर वेगाच्या आलेखात जाळीची एकेक पट्टी ओळखू येत होती. जाळीची घरं 50 मिलिमीटरची आणि खांब तिच्यापासून जेमतेम 25 सेंटीमीटरवर. पट्ट्यांचे स्वतःचे वेक अजून एकमेकांत मिसळलेच नव्हते. घराच्या किमान दहापट, जमल्यास त्याहून जास्त अंतर ठेवा. मी 75 सेंटीमीटरवर गेले आणि दाब जुळले.

हॉट-वायरचंही सांगून ठेवते. तार केसाहून कितीतरी बारीक, साधारण 5 मायक्रॉनची, आणि तिला वेगाइतकंच हवेचं तापमानही कळतं. सकाळी केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या वेगांशी तारेचं रीडिंग जुळवणं, दुपारी तापलेल्या हॉलमध्ये चालत नाही. रीडिंग संपल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करा. दोन्ही वक्र जुळले नाहीत तर तो दिवस वाया गेला असं समजा.

आता मुख्य गोष्ट. टर्ब्युलन्स वाढला की ड्रॅग कमी होतो, असं नवीन मुलं पाठ करून येतात. चौकोनी खांबाला ते लागू पडतं. पुढच्या कडांवरून सुटलेले शिअर लेयर, म्हणजे वेगवान आणि मंद हवेमधले पातळ थर, बाहेरची हवा जास्त ओढून घेतात, जाड होतात, बाजूच्या भिंतींकडे झुकतात. मागचा दाब वाढतो आणि ड्रॅग उतरतो. पण वाऱ्यासमोर आडवी धरलेली पातळ पट्टी घ्या. तिथे शिअर लेयरना झुकायला बाजूची भिंतच नाही. तिथे तोच टर्ब्युलन्स मागचं शोषण थोडं वाढवतो, म्हणजे ड्रॅगही वाढतो. गोल खांबाची गोष्ट आणखी निराळी: त्याला कडा नसल्यामुळे प्रवाह कुठे सुटायचा ते ठरलेलं नसतं, आणि ड्रॅग एकदम कोसळण्याचा टप्पा टर्ब्युलन्समुळे कमी रेनॉल्ड्स क्रमांकालाच (वेग आणि खांबाची जाडी यांबरोबर वाढणारा आकडा) येतो. म्हणून आधी आकार बघा, निष्कर्ष मग.

दुसरं, टर्ब्युलन्सची नुसती तीव्रता, म्हणजे सरासरी वेगाच्या तुलनेत चढउतार किती, एवढंच लिहून थांबू नका. 10 मीटरच्या वाऱ्यात अर्ध्या मीटरची चढउतार म्हणजे 5 टक्के, हे सगळेच लिहितात. पण भोवरे केवढे? जाळीपासून दूर जाल तशी तीव्रता घटते आणि भोवऱ्यांचा आकार वाढतो. खांबापेक्षा खूप मोठा भोवरा खांबाला नुसता हळूहळू बदलणारा वारा वाटतो. शिअर लेयरमध्ये शिरून त्याला ढवळतात ते लहान भोवरे. टर्ब्युलन्सचे अभ्यासक जी. आय. टेलर यांनी 1936 सालीच तीव्रता आणि भोवऱ्यांचा आकार एकत्र धरणारं परिमाण मांडलं होतं. ते काढायला तुम्हाला एका जागचा वेगाचा सिग्नल आणि त्याचं ऑटोकोरिलेशन, म्हणजे तो थोड्या वेळाने स्वतःशी किती जुळतो ते, एवढंच लागतं.

हे सगळं बोगद्यापुरतं आहे असं वाटलं, तर इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्राचं वाचा. 1 नोव्हेंबर 1965 रोजी तिथल्या आठ कूलिंग टॉवरांपैकी तीन वादळात कोसळले, आणि ते वाऱ्याकडच्या रांगेतले नव्हते, मागच्या रांगेतले होते. पुढच्या टॉवरांनी ढवळलेला वारा त्यांच्यावर येत होता. रचनेचा हिशोब मात्र एकट्या उभ्या टॉवरचा होता.

माझ्या वहीत आता प्रत्येक प्रयोगाचं पहिलं पान रिकाम्या बोगद्याचं असतं: सरासरी वेग, तीव्रता, भोवऱ्यांचा आकार, हवेचं तापमान, जाळीपासूनचं अंतर. खांब दुसऱ्या पानावर.