कॅक्स्टनच्या ट्रॉय आणि जेसनच्या कथा मूळ छापील इंग्रजीत कशा वाचाव्यात

मराठवाड्यातील महाविद्यालयांत इंग्रजी साहित्याचा इतिहास शिकताना विल्यम कॅक्स्टन हे नाव बहुधा एका ओळीपुरते येते: १४७६ साली त्याने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना काढला. इंग्रजी भाषेतील पहिले छापील पुस्तक मात्र इंग्लंडमध्ये छापलेच गेले नव्हते. ते १४७३-७४ च्या सुमारास बर्गंडीच्या ड्यूकच्या मुलखात, ब्रूज किंवा घेंट या शहरात छापले गेले, आणि ते ग्रीक पुराणकथांवर रचलेल्या एका फ्रेंच गद्य वीरकथेचे कॅक्स्टननेच केलेले भाषांतर होते. ‘रिक्युएल ऑफ द हिस्टोरीज ऑफ ट्रॉय’ हे त्याचे नाव. त्यानंतर १४७७ मध्ये जेसनची कथा आणि १४९० मध्ये ईनियसची कथा (‘इनिडोस’), अशी आणखी दोन पुस्तके त्याने फ्रेंचमधूनच आणली. छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठात इंग्रजीत एम. ए. करणारा विद्यार्थी, अथवा परभणी-लातूरकडच्या एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापक, यांना ही तिन्ही पुस्तके आज विनामूल्य वाचता येतात. ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तयारीने वाचावीत, हे येथे सांगतो.

पहिली सूचना अशी की, ट्रॉय म्हटले म्हणून होमरचे ‘इलियड’ शेजारी उघडून बसू नये. मध्ययुगीन पश्चिम युरोपला होमर जवळजवळ केवळ नावाने ठाऊक होता. त्या काळाचा विश्वास होता तो डेरिस आणि डिक्टिस या दोन नावांवर चालत आलेल्या लॅटिन गद्य वृत्तांतांवर, कारण या दोघांनी युद्ध प्रत्यक्ष पाहिले होते असे मानले जाई. त्यांच्या आधारे बेन्वा द सेंत-मोर याने ११६० च्या सुमारास फ्रेंच पद्यात प्रदीर्घ ट्रॉयकथा रचली. तिचे लॅटिन गद्य रूपांतर सिसिलीतील न्यायाधीश ग्वीदो देल्ले कोलोन्ने याने १२८७ मध्ये पूर्ण केले. आणि ग्वीदोचा ग्रंथ फ्रेंचमध्ये येऊन राउल लफेव्र याच्या संग्रहाचा तिसरा भाग बनला. लफेव्र हा बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड याच्या पदरी असलेला धर्मगुरू होता आणि आपले काम त्याने १४६४ मध्ये हाती घेतले होते. ही साखळी एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवावी. तिच्यात होमरची जागा नाही, हे ध्यानात आले की वाचनातील अर्ध्या अडचणी सुरुवातीलाच दूर होतात.

या कथांत देव हे प्राचीन राजे असतात, हेक्टर हा चिलखत घातलेला सरदार असतो, कवीची सहानुभूती ग्रीकांपेक्षा ट्रोजनांकडे अधिक झुकते, ट्रॉयची राजकन्या पोलिक्सेना हिच्या प्रेमात पडलेला ग्रीक वीर अकिलीस मंदिरात दबा धरून मारला जातो, आणि नगरीचा घात अँटिनोर व ईनियस या घरच्याच माणसांच्या फितुरीने होतो. यांतील एकेका गोष्टीवर चुकीचा शिक्का मारत गेल्यास हाती काहीच लागणार नाही. एकनाथांचे भावार्थरामायण वाचताना पैठणचा वाचक प्रत्येक ओवी वाल्मीकीशी ताडून दोष काढीत नाही. रामकथेतून नाथांनी आपल्या काळासाठी काय उभे केले, ते तो पाहतो. लफेव्र आणि कॅक्स्टन यांना तोच न्याय द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरी सूचना वाचनाच्या क्रमाविषयी आहे. ‘रिक्युएल’चे तीन भाग आहेत. पहिल्यात सॅटर्न, ज्युपिटर आणि पर्सियस यांच्या कथा, दुसऱ्यात मुख्यतः हर्क्युलीसचे पराक्रम, आणि तिसऱ्यात ग्रीकांनी केलेला ट्रॉयचा अखेरचा विध्वंस. त्याआधी हर्क्युलीसच्या हातून ही नगरी दोनदा पडून गेलेली असते. पहिल्या पानापासून निघालेला नवा वाचक सॅटर्न आणि टायटन यांच्या भाऊबंदकीतच थकतो. म्हणून प्रथम कॅक्स्टनने स्वतः जोडलेली प्रस्तावना आणि दुसऱ्या व तिसऱ्या भागांच्या शेवटी लिहिलेली निवेदने वाचावीत, मग तिसरा भाग घ्यावा, आणि त्यानंतर पहिल्या दोन भागांकडे यावे.

ही निवेदने थोड्याच पानांची असली तरी माझ्या मते संपूर्ण ग्रंथात त्यांच्याइतके जिवंत गद्य दुसरे नाही. कॅक्स्टन सांगतो की आपला जन्म केंट परगण्यातील वील्ड या भागात झाला, तेथील इंग्रजी ओबडधोबड आहे, आणि फ्रान्समध्ये आपण कधी गेलोही नाही. हाताशी मोठे काम नसल्याने त्याने १ मार्च १४६८ रोजी ब्रूज येथे भाषांतर सुरू केले, पाच-सहा जुड्या लिहिल्या, आणि आत्मविश्वास गमावून ते बाजूला ठेवले. सुमारे दोन वर्षांनी इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याची बहीण आणि बर्गंडीची डचेस मार्गारेट हिने ती पाने पाहिली, त्याच्या इंग्रजीतील दोष दाखवले, ते सुधारण्यास सांगितले आणि काम पुरे करण्याची आज्ञा केली. ब्रूजमध्ये सुरू झालेले भाषांतर घेंटमध्ये पुढे सरकले आणि १९ सप्टेंबर १४७१ रोजी कोलोन येथे संपले. एकनाथी भागवताचा आरंभ पैठणला आणि समाप्ती वाराणसीला झाली, ही नोंद ज्यांनी त्या ग्रंथातच वाचली आहे, त्यांना स्थळ-काळ सांगण्याची ही रीत आपलीच वाटेल. येथे एक सावधगिरी हवी. त्या काळच्या अनेक ठिकाणी नवे वर्ष मार्चच्या अखेरीस किंवा ईस्टरला सुरू होई, त्यामुळे ‘१४६८’ चा तो मार्च आजच्या गणनेने १४६९ चा ठरतो असे अनेक अभ्यासक मानतात. प्रबंधात तारीख लिहिताना ग्रंथात छापलेले वर्ष आणि आजच्या गणनेचे वर्ष अशी दोन्ही द्यावीत.

तिसऱ्या भागाच्या शेवटचे निवेदन तर पाठ व्हावे इतके सुंदर आहे. लिहून लिहून लेखणी झिजली, हात थकून थरथरू लागला, पांढऱ्या कागदाकडे पाहून डोळे मंदावले, आणि अनेक सज्जनांना प्रत देण्याचा शब्द तर देऊन बसलो; म्हणून मोठा खर्च करून छपाईची विद्या शिकलो, असे कॅक्स्टन तेथे लिहितो. लेखक एकमेकांशी जुळत नाहीत, डिक्टिस आणि होमर ग्रीकांची बाजू घेतात तर डेरिस वेगळे सांगतो, हेही त्याने तेथेच मोकळेपणाने मान्य केले आहे. त्याची चिकित्सक दृष्टी नाकारणाऱ्यांनी हा परिच्छेद अवश्य पाहावा.

आता संहिता कोठे मिळते ते पाहू. ‘रिक्युएल’च्या मूळ आवृत्तीच्या जेमतेम अठरा-वीस प्रती उरल्या आहेत. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयाच्या प्रतीत, कॅक्स्टन मार्गारेटला पुस्तक अर्पण करीत असल्याचे मानले जाणारे प्रसिद्ध चित्र आहे. अभ्यासासाठी आपल्याला एच. ऑस्कर सॉमर यांची १८९४ ची दोन खंडांतील आवृत्ती पुरेशी आहे. इंटरनेट अर्काइव्हवर तिची छायाचित्रित प्रत उघडता येते आणि तिच्या प्रस्तावनेत फ्रेंच मूळ व पुढील आवृत्त्यांची सविस्तर चर्चा आहे. विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट मुद्रणालयाने १८९२ मध्ये काढलेली आवृत्ती डोळ्यांचे पारणे फेडणारी आहे, आणि त्यासाठी वापरलेल्या टंकाला मॉरिस यांनी ट्रॉयचेच नाव दिले होते; परंतु पाठाच्या अभ्यासासाठी सॉमर यांच्याकडेच जावे. जेसनच्या कथेसाठी अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटीने काढलेली जॉन मन्रो यांची आवृत्ती, आणि ‘इनिडोस’साठी त्याच संस्थेची १८९० ची आवृत्ती पाहावी. कॅक्स्टनच्या सर्व प्रस्तावना आणि निवेदने एकत्र हवी असतील, तर त्याच संस्थेने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेले डब्ल्यू. जे. बी. क्रॉच यांचे संकलन हाताशी ठेवावे.

जुन्या इंग्रजी छापील पुस्तकांच्या सूचीत (शॉर्ट-टायटल कॅटलॉग, एस. टी. सी.) प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आहे: ‘रिक्युएल’ १५३७५, जेसन १५३८३, ‘इनिडोस’ २४७९६. शोध घेताना एस. टी. सी. ही आद्याक्षरे आणि हा क्रमांक टाकावा, कारण ‘रिक्युएल’ला आजच्यासारखे मुखपृष्ठ नाही आणि शीर्षकाचे स्पेलिंग प्रत्येक सूचीत निराळे आढळते. जेथे वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा कमी आहे, तेथे शेकडो पानांची छायाचित्रे ओढत बसण्यापेक्षा टी. सी. पी. (टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप) या प्रकल्पाने टंकलिखित करून सर्वांना खुल्या केलेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या संग्रहात आधी शोध घ्यावा. तेथील साधा मजकूर मोबाइलवरही सहज उतरतो आणि त्यात शब्दशोध करता येतो. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोशही विनामूल्य आहे. तो सतत उघडा ठेवावा.

टंकलिखित पाठ हाती आला तरी मूळ पानाची ओळख करून घेण्याचे टाळू नये. मोडी शिकताना आपण जसा आधी लिप्यंतर झालेला एखादा कागद घेतो आणि मूळ ओळ व बालबोध ओळ शेजारी ठेवून नजर बसवतो, तसेच येथे करावे. कॅक्स्टनचा पहिला टंक बर्गंडीच्या लेखनिकांच्या वळणावर बेतलेला असल्याने अक्षरे हस्तलिखितासारखी दिसतात. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा भासतो, पण त्याची आडवी रेघ दांड्याच्या उजवीकडे जात नाही. ‘यू’ आणि ‘व्ही’ यांची अदलाबदल होते, आणि ‘आय’ हेच अक्षर ‘जे’चेही काम करते. ‘वाय’वर लहानसा ‘ई’ किंवा ‘टी’ दिसला तर तेथे ‘द’ किंवा ‘दॅट’ वाचायचे असते. स्वरावर आडवी रेघ असेल तर पुढचा ‘एम’ किंवा ‘एन’ गाळलेला आहे असे समजावे. स्वल्पविरामाच्या जागी तिरकी रेघ येते, तीही नियमाने नाही, म्हणून लांबलचक वाक्य मोठ्याने वाचावे. श्वास जेथे थांबतो तेथे बहुधा अर्थही थांबतो. पानांवर क्रमांक छापलेले नाहीत, त्यामुळे टिपणात नेहमी भाग आणि प्रकरण लिहून ठेवावे. प्रकरणांच्या आरंभी आद्याक्षरासाठी मोकळी जागा दिसते, कारण ते अक्षर नंतर हाताने रंगवायचे असे. सुरुवातीला काही पाने स्वतःच्या हाताने उतरवून काढावीत. नजर बसण्यासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

‘रिक्युएल’नंतर जेसनकडे वळावे, आणि ते वाचताना १४३० हे वर्ष लक्षात ठेवावे. त्या वर्षी फिलिप द गुडने ब्रूज येथे सुवर्णलोकर या नावाच्या सरदारमंडळाची स्थापना केली, आणि सोनेरी लोकर जिंकून आणणारा जेसन त्या मंडळाचा आदर्श ठरला. परंतु आपली जादूगार पत्नी मीडिया हिचा विश्वासघात करणारा पुरुष ख्रिस्ती सरदारांचा आदर्श कसा, हा आक्षेप लवकरच पुढे आला, आणि त्याच्या जागी बायबलमधील गिडियन याचे नाव सुचवले गेले. लफेव्रने रचलेली जेसनकथा हे या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. तिच्यात जेसनच्या वर्तनाला कारणे पुरवली जातात आणि अखेरीस तो व मीडिया पुन्हा एकत्र येतात. ग्रीक शोकांतिका ज्यांनी वाचली आहे त्यांना हा शेवट धक्का देईल. पण एका दरबाराला आपल्या नायकाची अब्रू सांभाळायची होती, हे लक्षात घेतल्यावर त्यातील एकेक प्रसंग उलगडू लागतो. प्रस्तावनेत कॅक्स्टनने एसदां येथील फिलिपच्या वाड्यातील एका दालनाचे वर्णन केले आहे. त्याच्या भिंतींवर जेसनची कथा रंगवलेली होती आणि मीडियाच्या जादूची आठवण म्हणून यंत्रांच्या साह्याने तेथे वीज चमके, गडगडाट होई, पाऊस आणि बर्फही पडे. हा मजकूर वगळू नये.

‘इनिडोस’ सर्वांत शेवटी घ्यावे. त्याचे मूळ १४८३ मध्ये लिआँ येथे छापलेले फ्रेंच पुस्तक आहे, आणि त्यात डायडोची कथा बोकाचोच्या आणि व्हर्जिलच्या अशा दोन वेगळ्या परंपरांनुसार दोनदा येते. स्कॉटिश कवी गॅविन डग्लस याने आपल्या १५१३ च्या भाषांतरात, व्हर्जिलशी याचा काहीच संबंध नाही म्हणून कॅक्स्टनवर कडक टीका केली. ती टीका वाचावी, पण कॅक्स्टनपुढे व्हर्जिल नव्हता, फ्रेंच पुस्तक होते, हेही विसरू नये.

लघुप्रबंधासाठी विषय हवा असेल तर आवृत्त्यांची तुलना निवडावी. ‘रिक्युएल’ पुढे विंकिन द वर्ड याने सोळाव्या शतकाच्या आरंभी, विल्यम कोपलंड याने १५५३ मध्ये, आणि भाषा सुधारून १५९६-९७ मध्ये टॉमस क्रीड याने पुन्हा छापले. संपूर्ण ग्रंथ ताडून पाहण्याचा हट्ट धरू नये. तिसऱ्या भागातील हेक्टरचा मृत्यू आणि ट्रॉयलसचा मृत्यू एवढीच दोन स्थळे घ्यावीत आणि त्यांच्या शेजारी शेक्सपिअरचे ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ ठेवावे. कॅक्स्टनकडे हेक्टरने ढाल पाठीवर टाकलेली असते, छाती उघडी पडते आणि अकिलीस ती संधी साधतो; अकिलीसच्या मर्मिडन सैनिकांनी घेरून मारला जातो तो ट्रॉयलस. शेक्सपिअरने हे दोन मृत्यू एकत्र करून हेक्टरच्या वाट्याला दिले. त्याच्या नाटकाच्या प्रास्ताविकात येणारी ट्रॉयच्या सहा वेशींची नावे आणि रणांगणावर धुमाकूळ घालणारा सॅजिटरी नावाचा धनुर्धर हीसुद्धा याच परंपरेतील आहेत. प्रत्येक आवृत्तीतील ही स्थळे स्वतंत्र स्तंभांत उतरवावीत, स्पेलिंगमधील फरक आणि शब्दबदल वेगळ्या शाईने खुणावेत, आणि एखादे वाक्य वगळले गेले असल्यास तेथे रिकामी ओळ सोडावी. मार्गदर्शकांसमोर ठेवायचा पहिला मसुदा याच तक्त्यातून तयार होतो.