छतावर टेंट घेऊन पुण्याहून नेपाळ: आखणी कुठून सुरू करावी

छतावर टेंट लावून गाडीने नेपाळला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात, मग टेंट मागवतात आणि गाडीच्या छताला तो पेलतो का, हे अगदी शेवटी टेंट बसवणाऱ्याला विचारतात. तो म्हणतो, "काही होत नाही, बिनधास्त जा." हा क्रमच चुकीचा आहे. आधी छत, मग टेंट, मग मुक्काम आणि रस्ता सगळ्यात शेवटी. पोखरापर्यंतच जायचं की पुढे मुस्तांगपर्यंत, हेसुद्धा छताच्या आकड्यावरच ठरतं.

सर्व्हिसिंग, टायर, स्टेपनी, औषधांचा डबा याबद्दल लिहीत बसत नाही. ताम्हिणी उतरून कोकणात जाणाऱ्यालाही ते करावंच लागतं.

देश आणि महिना

पहिल्या मोठ्या प्रवासाला नेपाळच निवडा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, गाडी डाव्या बाजूनेच चालते, आपलं लायसन्स चालतं आणि गाडीसाठी कार्नेट लागत नाही. कार्नेट म्हणजे गाडी परत बाहेर नेऊच, अशी कस्टम्सला दिलेली हमी. इराणच्या दिशेने जायचं तर त्यासाठी मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते. भूतान सुंदर आहे, पण तिथे भारतीय पर्यटकाला माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, मग तुम्ही कुठेही झोपा. टेंटने तिथे फारसं काही वाचत नाही.

महिना ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, नाहीतर मार्च-एप्रिल. पावसाळ्यात नेपाळच्या घाटांत दरडी कोसळतात आणि डिसेंबर-जानेवारीत प्रयागराजपासून तराईपर्यंत धुकं असतं. नवरात्रात निघू नका. तेव्हाच नेपाळमध्ये दशैं असतो, सरकारी कार्यालयं बंद असतात आणि सगळा देश घरी निघालेला असतो.

छत: इथे घाई करू नका

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो या टप्प्याला, कारण जो भेटेल तो वेगळा आकडा सांगत होता. टेंट विकणारा म्हणायचा ३०० किलो चालतात. शोरूममधल्या मुलाने असा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला होता. खरं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. ते ग्लोव्ह बॉक्समधून काढा आणि 'रूफ लोड' शोधा.

तिथे लिहिलेली मर्यादा चालत्या गाडीसाठी असते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना ती ५० ते ७५ किलोच्या घरात असते, काहींना त्याहूनही कमी. उभ्या गाडीचं छत याच्या कित्येक पट वजन पेलतं, कारण भार खांबांतून सरळ खाली उतरतो आणि त्यात हिसके नसतात. विक्रेता सांगतो तो मोठा आकडा हा उभ्या गाडीचा. रात्री दोघं वर झोपता तेव्हा तो लागू होतो. पण टेंट छतावर असताना तुम्ही खड्ड्यात आदळता, करकचून ब्रेक मारता, वळणावर गाडी कलते. तेव्हा मॅन्युअलमधलाच आकडा खरा.

आता बेरीज करा. दोघांचा टेंट ५० ते ६५ किलोचा असतो. क्रॉसबार, म्हणजे टेंट ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या, ६ ते ८ किलो, आणि तेही छतावरच असल्याने मोजायचेच. शिडी टेंटच्या वजनात धरली आहे का, ते विचारून घ्या. अंथरूण आतच घडी करून ठेवणार असाल तर आणखी ५-६ किलो. म्हणजे ५५ किलोच्या टेंटची बेरीज सहज ७० च्या घरात जाते. मर्यादा ७५ असेल तर तुम्ही काठावर आहात आणि ५० असेल तर हा टेंट तुमच्या गाडीसाठी नाही. "हळू चालवलं की चालतं," असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. खड्डा लागला की हिसका बसतोच, आणि तो छताला सोसावा लागतो.

गाडीचं छत, रूफ रेल (छताच्या दोन्ही कडांच्या उभ्या पट्ट्या) आणि क्रॉसबार या तिन्हींची मर्यादा वेगवेगळी असते. त्यातली सर्वांत कमी ती तुमची मर्यादा. १०० किलोचे क्रॉसबार घेतल्याने ५० किलोचं छत १०० किलोचं होत नाही. छोट्या एसयूव्हींवरच्या चकचकीत रेल अनेकदा निव्वळ शोभेच्या असतात आणि मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. हाताने हलवून मजबुती ठरवू नका. पॅनोरामिक सनरूफ असेल आणि मॅन्युअलमध्ये वजनाची स्पष्ट परवानगी नसेल, तर माझं मत सरळ आहे: टेंट लावू नका. जमिनीवरचा तंबू न्या.

कच्च्या रस्त्याचा हिशेब फार थोडे लोक करतात. काही क्रॉसबार कंपन्या खडबडीत रस्त्यासाठी आपली मर्यादा दीडने भागायला सांगतात. ७५ चे ५० होतात. बेनीहून जोमसोमकडे, म्हणजे मुस्तांगला, जाणारा रस्ता याच जातीचा आहे: दगड, ओढे, तुटलेल्या कडा. तुमची बेरीज ७० असेल तर मुस्तांग यादीतून काढा आणि पाल्पा, बंदीपूर, पोखरा असा प्रवास करा. तोही भरगच्च होतो. मुस्तांगला जायचंच असेल तर टेंट हलका घ्या किंवा गाडी बदला. बेनीला पोहोचल्यावर "बघू कसं होतंय" म्हणायची ही गोष्ट नव्हे.

गाडीची एकूण वहनक्षमताही तपासा. चार माणसांचे २८० किलो, टेंट आणि बारचे ७०, सामान, पाणी, स्टोव्ह आणि जादा चाक यांचे १०० धरले की ४५० होतात. बऱ्याच गाड्यांची हद्द याच आसपास संपते. चौघे असाल तर सामान निम्मं करा.

छताला भोकं पाडून किंवा वेल्डिंग करून कॅरिअर बसवू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. बुल बार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी गार्डही याच कलमात बसतो, तो काढून टाका. पान्याने सुटणारे क्रॉसबार घ्या.

टेंट बसवल्यावर जमिनीपासूनची उंची टेपने मोजा, त्यात पाच सेंटीमीटर मिळवा आणि तो आकडा काचेच्या आतल्या बाजूला, डोळ्यासमोर चिकटवा. साधारण ३० सेंटीमीटर वाढतात. सोसायटीचं बेसमेंट, हॉटेलचं पार्किंग, रेल्वेखालचे बोगदे आणि गल्लीच्या तोंडचे उंचीरोधक खांब, सगळीकडे हा आकडा लागतो. रोज गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात जुनीच उंची बसलेली असते, म्हणून लिहूनच ठेवायचा.

टेंट आणि चाचणी

दोघांसाठी कडक कवचाचा टेंट घ्या. वारा कमी अडवतो, दोन मिनिटांत उघडतो आणि मिटतो. कापडी टेंट चौघांना जागा देतो, पण रोज सकाळी तो मिटायला अर्धा तास जातो आणि मुलं भुकेली असतात. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी टाका, नाहीतर थंडीत श्वासाची वाफ खाली साचून गादी ओली होते. रात्री दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. ओला टेंट मिटावा लागला तर त्याच दिवशी दुपारी कुठेतरी उघडून वाळवा, बुरशीचा वास नंतर जात नाही.

निघण्याच्या महिनाभर आधी एकदा ताम्हिणीतून माणगावपर्यंत जाऊन या. वळणांवर गाडी आता किती कलते, ब्रेकला किती अंतर लागतं, वेग वाढला की किती आवाज येतो, हे तिथे कळतं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ते थोडे सैल झालेले असतातच. नेपाळमध्ये हे रोज सकाळी करायचं. एक रात्र भोरकडे भाटघरच्या पाण्याजवळ किंवा ओळखीच्या शेतात काढा, जागामालकाला विचारून. घरच्या सगळ्यांना शिडी चढता-उतरता येते का, ते रात्री दोन वाजता बघा. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना वर झोपवायचा बेत इथेच बदलतो.

मुक्काम

जाताना मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात टेंट उघडू नका. दिवसभर गाडी चालवून आल्यावर आंघोळ, पंखा आणि दार लावता येईल अशी खोली लागते. पेट्रोल पंपावर ट्रकवाल्यांशेजारी झोपायचा सल्ला अनेक जण देतात, पण रात्रभर इंजिनं आणि हॉर्न ऐकून दुसऱ्या दिवशी सहाशे किलोमीटर चालवायचे नसतात.

नेपाळमध्ये छोट्या हॉटेलच्या किंवा घरच्या अंगणात गाडी लावू देतात. रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच घ्या आणि संडास-पाण्याचे पैसे आधी बोलून ठरवा. चितवनच्या बाजूला, सौराहाजवळ, टेंटचा विचार सोडा. तिथे गेंडे रात्री वस्तीतही फिरतात. जोमसोम, मार्फा, कागबेनी हा काली गंडकीचा पट्टा वाऱ्याचा आहे. सकाळ उलटली की दरीतून जोराचा वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत, म्हणूनच जोमसोमची विमानं सकाळीच उडतात. तिथे दुपारी टेंट उघडू नका. दगडी घराच्या आडोशाला, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभे राहा आणि वारा पडल्यावरच उघडा. पडला नाही तर लॉजमध्ये झोपा. मुक्तिनाथ ३,७०० मीटरवर आहे. तिथे रात्र काढण्याआधी एक रात्र कागबेनी किंवा मार्फाला काढा. कागबेनीच्या पुढे अप्पर मुस्तांगला वेगळा परवाना लागतो.

तीन लिटरचा कुकर न्या. या उंचीवर नुसत्या पातेल्यात वरण शिजत नाही. भाजणी आणि मेतकूट असलं की सकाळचा प्रश्न मिटतो.

विमा आणि कागद

तुमची पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळसाठी विमा कंपनीकडून भौगोलिक क्षेत्र वाढवल्याची नोंद पॉलिसीवर करून घ्यावी लागते. जुन्या मोटार दरपत्रकात त्याचा जादा हप्ता सर्वसमावेशक पॉलिसीला ५०० रुपये होता, आजही तो फार जड नसतो. पण फोनवर "कव्हर आहे मॅडम" यावर थांबू नका. छापील नोंद हातात येईपर्यंत मेल करत राहा आणि त्याच मेलमध्ये छतावर टेंट बसवल्याचं लिहून कळवा. यासाठी महिनाभर हाताशी ठेवा.

आरसी, लायसन्स, पीयूसी आणि विमा, सगळं मूळ कागदांत न्या. सीमेपलीकडे डिजिलॉकर दाखवून काम होत नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधारवर विसंबू नका, मुलांसाठी पासपोर्टच सोपा. गाडी दुसऱ्याच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर अधिकारपत्र लागतं.

रस्ता आणि सीमा

पुण्याहून शिर्डी किंवा संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्ग पकडा. नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली, सुमारे १,७०० किलोमीटर. तीन दिवस धरा, चार घेतलेत तर उत्तम. समृद्धीवर १२० ची परवानगी असली तरी छतावर टेंट असताना ९० च्या वर जाऊ नका.

सोनौलीला सकाळी लवकर पोहोचा. पाट्या देवनागरीतच आहेत: आधी 'भन्सार', म्हणजे कस्टम्स, मग 'यातायात', म्हणजे वाहतूक विभाग. दलालाची गरज नाही. भन्सार दिवसाच्या हिशेबाने भरायचा. आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा दिवस धरा आणि वर दोन दिवस जास्तीचे भरा. दरड कोसळून अडकलात आणि मुदत उलटली तर दंड त्याहून महाग पडतो. पावतीचा फोटो काढा, मूळ प्रत गाडीतच ठेवा, परतताना ती दाखवावी लागते.

नेपाळी रुपयाचा भाव ठरलेला आहे, आपल्या १०० रुपयांचे १६०. शहरांत फोनपे (Fonepay, आपल्या PhonePe पेक्षा वेगळी नेपाळी कंपनी) च्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, डोंगरात रोख लागते. आपल्या मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, म्हणून शंभरच्याच नोटा न्या. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. स्थानिक सिम सीमेवरच घ्या.

पुढे दिवसाला १५०-१८० किलोमीटरपेक्षा जास्त आखू नका आणि अंधार पडल्यावर चालवू नका. बुटवल-पाल्पा आणि नारायणघाट-मुग्लिन या दोन्ही पट्ट्यांत दरडींमुळे किंवा कामामुळे वाहतूक तासन् तास थांबवतात. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारा, त्याला नक्की ठाऊक असतं. दारू पिऊन चालवण्याबाबत तिथले वाहतूक पोलीस अतिशय कडक आहेत.

परत आल्यावर आठवड्याच्या आत टेंट उतरवा. दोन माणसांना पेलत नाही, चौघांना बोलवा किंवा पार्किंगच्या स्लॅबला कप्पी लावून घ्या. क्रॉसबारच्या खाचांतली धूळ ब्रशने काढा, टेंट एक दिवस उन्हात उघडा ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच मिटा.