केबिनवाली जुनी मासेमारी बोट घेताना: पाणी कुठे मुरलंय ते आधी शोधा

विकणाऱ्याला फोनवरच निक्षून सांगा: आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं, तर गार इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरतं ते तुम्हाला कळू नये अशी सोय झालेली असू शकते. मग बाकीची बोट तपासा आणि इंजिनासाठी पुन्हा एकदा या.

तरी इंजिन ही दुसरी बाब. ते बदलता येतं. आतून कुजलेली बोट दुरुस्त करायचा खर्च अनेकदा बोटीच्या किमतीवर जातो. बऱ्याच फायबरच्या बोटींत डेक, छप्पर आणि ट्रान्सम (बोटीची मागची उभी भिंत) यांत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड किंवा बाल्सा लाकूड असतं. खिडक्यांच्या चौकटी, छपरावरचे अँटेना, दिवे, रॉड होल्डर, या प्रत्येकाच्या स्क्रूभोवतीचं सीलंट वाळलं की तिथून पाणी लाकडात उतरतं. वरून रंग झकास, आत भुसा.

खिडक्यांचे खालचे कोपरे आतून बघा: तपकिरी ओघळ, बुरशी, फुगलेलं प्लायवुड. बाहेरून सिलिकॉनवर सिलिकॉन थापलेलं दिसलं, तर गळती जुनी आहे आणि कुणालाच सापडलेली नाही असं धरा. मग पाइपाने पाणी मारा, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जा. प्रत्येक सांध्यावर दोन-तीन मिनिटं. आत एकाने कोरडा टिश्यू पेपर कोपऱ्यात दाबून बसायचं. वरून पाणी ओतलं तर सगळंच भिजतं आणि नेमका सांधा कळत नाही.

आता ठोकणी. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून प्लास्टिकच्या मुठीने डेक, छप्पर आणि ट्रान्सम वीतभर अंतराने ठोकत चला. धडधाकट भाग खणखणीत ‘टक्’ वाजतो, भिजलेला किंवा सुटलेला ‘भद्द’. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने खूण करा. आतल्या आडव्या भिंतीपाशीही आवाज बदलतो, म्हणून डावी-उजवी बाजू ताडून बघा. खुणा फक्त एकाच बाजूला जमल्या तर पाणी मुरलंय. आउटबोर्ड (ट्रान्समवर बाहेरून टांगलेलं इंजिन) असेल तर तो अर्धवट उचलून वरून दाबा आणि दुसऱ्याला ट्रान्समवर नजर ठेवू द्या. ट्रान्सम लवला, तर सौदा तिथेच थांबवा. मालकाची परवानगी असेल तर ट्रान्समचा पाण्याजवळचा एखादा छोटा स्क्रू काढून बघा: ओला, काळपट भुसा आला की वेगळा पुरावा नको. स्क्रू ताज्या सीलंटसह परत बसवा.

डेकखालची अ‍ॅल्युमिनियमची इंधन टाकी फोममध्ये गाडलेली असेल, तर फोमात साचलेलं पाणी तिला बाहेरून खात राहतं. हॅच (डेकमधलं झाकण) उघडताच इंधनाचा वास आला तर टाकी काढायला डेक कापावा लागेल का, हे आधी विचारा. वायरिंगसाठी एखादं टर्मिनल उघडा. तांबं हिरवं पडलं असेल तर पुढे तसंच निघणार.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मोजा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो 10 टक्क्यांच्या आत हवा. आउटबोर्डच्या गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल बघा. दुधट असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. डिझेल इनबोर्डात (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनात) काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला तर न जळलेलं इंधन किंवा पाणी.

पाण्यात नेताना माणसं आणि इंधन पूर्ण भरून न्या. फुल थ्रॉटलवर इंजिनाने कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या टप्प्यात यायला हवं. कमी पडलं तर प्रोपेलरचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) जास्त, तळाला शेवाळ-शिंपल्या, किंवा इंजिन थकलेलं. पहिली दोन कारणं स्वस्त आहेत, आधी तीच वगळा.

केबिनवाल्या बोटीच्या दोन चाचण्या सहसा कुणी घेत नाही. मागचं दार उघडं ठेवून मध्यम वेगाने जा: केबिनमागे हवेची पोकळी होऊन धूर आत ओढला जातो का ते बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे ‘थोडासा वास येतोच’ हे उत्तर चालवून घेऊ नका. नंतर इंजिन बंद करून लाटेला आडवे थांबा. बोट कलून टोकाला क्षणभर रेंगाळली आणि सावकाश परतली, तर वजन वर जास्त चढलंय. छपरावर नंतर काय-काय बसवलं ते मोजा.

पाण्यातल्या या फेरीला निघण्यापूर्वी बिल्ज (बोटीच्या तळाची, पाणी साचायची जागा) पुसून कोरडं करा. परतल्यावर फळ्या उचला आणि पाणी कुठल्या कोपऱ्यातून येतंय ते टॉर्चने शोधा.