लढाऊ विमानांचं वाचन आणि मॉडेल: या चुका टाळा

मॉडेल बिघडलं की दोष गोंदाला, रंगाला, नाहीतर किटला दिला जातो. पण निम्म्या चुका डबा उघडण्याआधीच, पुस्तक वाचताना झालेल्या असतात. विमानाचं नाव ठरलेलं असतं. नेमकं कोणतं विमान, कोणत्या तुकडीतलं, कोणत्या महिन्यातलं, हे मात्र ठरलेलं नसतं. एक विमान आणि एक तारीख वहीत लिहून ठेवली की पुढच्या बऱ्याच चुका होतच नाहीत.

तारीख न ठरवता डेकल लावणं

डेकल म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा. अमेरिकी विमानांवरचा तारा हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. मे १९४२ पर्यंत ताऱ्याच्या मध्यावर लाल ठिपका होता. जपानी विमानांवरच्या लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून तो काढला. १९४३ च्या उन्हाळ्यात ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या आडव्या पट्ट्या आल्या आणि सगळ्याभोवती लाल किनार आली. थोड्याच आठवड्यांत ती किनार निळी झाली. पांढऱ्या पट्ट्यांच्या मधली लाल रेघ आली ती थेट जानेवारी १९४७ मध्ये. म्हणजे १९४४ च्या मस्टँगवर लाल ठिपका किंवा लाल रेघ दिसली, तर काम कितीही सुबक असो, विमान चुकलं.

नॉर्मंडीच्या चढाईवेळचे मित्रराष्ट्रांच्या विमानांवरचे काळे-पांढरे पट्टेही असेच. क्रम पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंच. १/७२ स्केलमध्ये (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलवर) ते अनुक्रमे ६.३५ आणि ८.५ मिलिमीटर होतात, १/४८ मध्ये ९.५ आणि १२.७. चार इंजिनांच्या जड बॉम्बर विमानांना हे पट्टे नव्हते. जून १९४४ च्या सुरुवातीला ते घाईघाईत, पुष्कळदा साध्या ब्रशने रंगवले गेले. म्हणून मास्किंग टेपने काढलेल्या काटेकोर कडा इथे खोट्या वाटतात. फोटोत कड वाकडी असेल तर तीही तशीच घ्यावी.

एकाच नावाखाली सगळी विमानं एक समजणं

'स्पिटफायर' एवढं लिहून काहीच कळत नाही. मार्क ५ च्या डाव्या पंखाखाली लहान गोलसर ऑइल कूलर असतो आणि उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर. मार्क ९ मध्ये दोन्ही पंखांखाली सारख्याच आकाराचे खोके असतात आणि प्रोपेलरला चार पाती. पुढे मार्क १२ आणि १४ मध्ये मर्लिनच्या जागी ग्रिफन इंजिन आलं आणि प्रोपेलरची दिशाच उलटली. मर्लिनचा प्रोपेलर कॉकपिटमधून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, ग्रिफनचा उलट.

सुटी पाती चिकटवताना इथेच घोटाळा होतो. तपासणी सोपी आहे. मॉडेलच्या शेपटीकडून पाहा आणि वर उभं असलेलं पातं बघा. मर्लिन असेल तर त्या पात्याची उजवी कड नाकाच्या दिशेने पुढे झुकलेली हवी, ग्रिफन असेल तर डावी.

मिग-२१ मध्ये आधी नाकाकडे पाहावं. सुरुवातीच्या एफ-१३ वर पिटोची (हवेचा वेग मोजणारी) लांब नळी नाकाच्या खालच्या बाजूला होती, नंतरच्या रडारवाल्या प्रकारांत ती वर गेली आणि हवा घेण्याच्या तोंडातला शंकूही मोठा झाला. नंतरच्या 'बिस' या प्रकाराची पाठ तर लांबूनही जाड दिसते. एका प्रकारच्या किटवर दुसऱ्याचे डेकल लावले की जाणकाराच्या नजरेतून ते सुटत नाही.

नावांच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. अमेरिकी नौदलाच्या जुन्या पद्धतीत एफ४यू म्हणजे व्हॉट कंपनीचं चौथं फायटर, कॉर्सेर. एफ४एफ म्हणजे ग्रुमनचं, वाइल्डकॅट. सप्टेंबर १९६२ मध्ये तिन्ही दलांची पद्धत एक झाली आणि नौदलाच्या फँटमचं एफ४एच हे नाव जाऊन एफ-४ आलं. सुटे भाग किंवा डेकल मागवताना नुसतं 'एफ ४' लिहिलं तर यातलं काहीही घरी येऊ शकतं. रशियन विमानांची फिशबेड, बेअर, बॅजर ही नावं नेटोने दिलेली आहेत. फायटरचं नाव 'एफ'ने सुरू होतं, बॉम्बरचं 'बी'ने. इंग्रजी उच्चारात एक अक्षरावयव (सिलॅबल) असेल तर प्रोपेलर, दोन असतील तर जेट. एवढं लक्षात ठेवलं तरी जुने लेख वाचणं बरंच सोपं जातं.

आकडे जसेच्या तसे उचलणं

'माख २' (ध्वनीच्या दुप्पट वेग) वाचलं की बरेच जण १२२५ ला दोनने गुणतात आणि ताशी २४५० किलोमीटर लिहून मोकळे होतात. पण १२२५ हा समुद्रसपाटीवरचा, १५ अंश तापमानातला ध्वनीचा वेग आहे. वर हवा थंड होत जाते तसा तो कमी होतो. ११ किलोमीटर उंचीवर तो ताशी सुमारे १०६२ किलोमीटर असतो. लढाऊ विमानं माख २ गाठतात ती अशाच उंचीवर, म्हणजे खरा आकडा २१२० च्या आसपास. मैलांचंही तसंच. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा. ४०० नॉट्स (ताशी सागरी मैल) म्हणजे ताशी ७४१ किलोमीटर, ताशी ४०० मैल म्हणजे ६४४. पल्ला वाचताना तो इंधनाच्या जादा टाक्या लावून एका दिशेने जाण्याचा आहे की शस्त्रं घेऊन जाऊन परत येण्याचा, हे आधी पाहावं. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून विमानांची तुलना करणारे तक्ते फार आहेत, ते सरळ सोडून द्यावेत.

पाडलेल्या विमानांचे आकडे तर त्याहून बेभरवशाचे. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं; जर्मन नोंदींनुसार त्या दिवशीचं नुकसान सुमारे ६० होतं. यात कोणी मुद्दाम खोटं बोललं असं नाही. एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात आणि तिघेही दावा करतात. धूर सोडत ढगात शिरलेलं विमान कधी कधी तळावर परततं. म्हणून नुकसानीचा आकडा ज्याचं नुकसान झालं त्याच्या नोंदींतून घ्यावा.

कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवणं

ऑर्थोक्रोमॅटिक या जुन्या प्रकारच्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग दिसत नाही. लाल जवळपास काळा येतो, पिवळा गडद येतो आणि निळा फिका पडतो. ब्रिटिश राउंडेलभोवतीचं (विमानावरच्या गोल राष्ट्रीय खुणेभोवतीचं) पिवळं कडं अशा फोटोत काळपट दिसतं आणि नवखा माणूस ते काळंच रंगवतो. ज्या खुणेचा रंग आधीच माहीत आहे ती फोटोत कशी आली आहे हे पाहायचं, फिल्म कोणती ते ओळखायचं आणि मगच बाकीच्या छटांबद्दल बोलायचं.

अमेरिकी एफएस (फेडरल स्टँडर्ड) रंगक्रमांकांत पहिला आकडा चकाकीचा असतो: १ चकचकीत, २ अर्धचकाकी, ३ मॅट. १६३७५ आणि ३६३७५ हा एकच राखाडी रंग. बाटली वेगळी दिसली म्हणून दोन्ही विकत घेऊ नका.

टेबलावरच्या चुका

*विमान शेपटीवर बसतं.* नाकाखाली चाक असलेली विमानं, विशेषतः पी-३८, बी-२५ आणि मेसरश्मिट मी-२६२, नाकात वजन घातल्याशिवाय उभी राहत नाहीत, आणि धड चिकटवल्यावर वजन घालायला जागा उरत नाही. आधी सगळे मोठे भाग टेपने जोडा. मुख्य चाकांच्या रेषेत दोन्ही पंख बोटांवर तोला आणि नाक खाली जाईपर्यंत वरून वजन ठेवत राहा. मग त्यात साधारण चौथा हिस्सा आणखी घाला, कारण शेपटीकडचे छोटे भाग आणि रंग नंतर चढतात. वजन जितकं पुढे तितकं कमी लागतं. शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात कधीच बसवू नका. शिशावर हळूहळू पांढरा क्षार धरतो, तो फुगतो आणि काही वर्षांनी नाकाचा सांधा उकलतो. इपॉक्सी वापरा.

*डेकलखाली चंदेरी चमक येते.* ही हवा असते. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, डेकल उंचवट्यांवरच टेकतं आणि खाली हवा अडकते. आधी ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. डेकल कोमट पाण्यात १५ ते ३० सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर ठेवा, सरकू लागलं की लावा. चमक आलीच असेल तर तिथे बारीक सुईने टोचा, सेटिंग सोल्यूशनचा (डेकल मऊ करणाऱ्या द्रवाचा) थेंब सोडा आणि हात लावू नका. डेकल आधी सुरकुततं, मग आपोआप सपाट होतं. सुरकुत्या पाहून घाबरून दाबलं की फाटतं.

*रंग खरखरीत बसतो.* थेंब वाटेतच वाळतात. रंग दुधाइतका पातळ करा, दाब १५ ते २० पीएसआय ठेवा, एअरब्रश ७ ते १० सेंटिमीटरवर धरा. थिनर त्याच रंगमालिकेचा घ्या. पाण्यावर आधारित काही ॲक्रिलिक रंगांत अल्कोहोलचा थिनर पडला की गुठळ्या होतात.

*सांध्याची रेघ परत दिसते.* पुट्टी वाळताना आकसते. २४ तास थांबा, मग ४०० पासून १००० पर्यंतचा पेपर पाणी लावून फिरवा. प्रायमरचा हात दिल्याशिवाय सांधा मिटला असं धरून चालू नका.

*कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) धुरकट होते.* सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते. बंद कॉकपिटच्या आतही ती साचून राहते, म्हणून कॉकपिटमध्ये सुपरग्लू वापरला असेल तर कॅनॉपी दुसऱ्या दिवशीच बसवा आणि ती पांढऱ्या गोंदाने चिकटवा. चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग मारा, त्यावर बाहेरचा. काचेतून आत पाहिलं की योग्य रंग दिसतो.