पहिलं भाड्याचं घर, छोटं, आणि खिसा बेताचा: मी कसं लावलं

किल्ली हातात आली की पहिल्याच आठवड्यात सगळं घेऊन टाकावंसं वाटतं, ते करू नका, अगदी मनापासून सांगतेय. निदान पंधरा दिवस गादी, बादली, गॅस आणि चार भांडी एवढ्यावर काढा. तेवढ्यात कळतं की ऊन कुठल्या खिडकीतून येतं, संध्याकाळी आपण खरंच कुठे बसतो, चार्जर कुठे लागतो, चपला कुठे काढल्या जातात. पुण्यात कोथरूडला माझं वन आरके होतं, खोली १० बाय १२, आणि मी पहिल्याच रविवारी ऑनलाइन कपाट मागवलं, ते उघडलं की बाथरूमचं दार अडायचं, परत देताना पैसे कापले ते वेगळेच. तेव्हापासून कुठलीही मोठी वस्तू घ्यायच्या आधी मी तिच्या मापाचे पेपर जमिनीवर चिकटपट्टीने चिकटवते आणि दोन दिवस तशीच वावरते. सारखा त्यावर पाय पडला तर ती वस्तू घ्यायची नाही.

आता पैसे. थोडेच असतील तर आधी लाइट, मग पडदा, मग बसायची जागा.

लाइटचं म्हणाल तर बहुतेक घरमालकांनी एक पांढरी ट्यूब लावून दिलेली असते आणि तिच्या उजेडात घर काही केल्या घरासारखं दिसत नाही. ती स्वयंपाकाला, कामाला राहू द्या. संध्याकाळसाठी ९ वॉटचा एलईडी घ्या, दुकानात वॉर्म व्हाइट म्हणून मागा आणि खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलंय ना ते बघा, ६५०० के असेल तर परत तोच पांढरा उजेड. मग बुरूड आळीतून विरळ विणीची बांबूची एक टोपली आणा, इलेक्ट्रिकच्या दुकानातून होल्डर, तीन मीटर वायर आणि प्लग जोडून घ्या आणि टोपली पालथी घालून आत बल्ब येईल असं कोपऱ्यात खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा. लावल्यावर भिंतभर विणीची जाळी पडते. मी पहिल्या रात्री जेवण तसंच ठेवून ते बघत बसले होते. फक्त जुना तारेचा पिवळा बल्ब आत घालू नका, तो फार तापतो आणि बांबू वाळलेला असतो.

पडद्याला नवीन कापड लागतच नाही. आईकडे न नेसलेली सुती साडी असतेच, साडी साधारण साडेपाच मीटर, मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे दोन पडदे, म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत. फॉल उसवायचा, वर रॉड जाईल एवढी नळी शिवायची, गल्लीतल्या टेलरताई करून देतात. रॉड खिडकीच्या चौकटीवर नको, जमेल तेवढा छताजवळ लावा, खोली उंच वाटते. भोक पाडायच्या आधी मालकांना विचारा.

सोफा विसरा. कापसाची गादी, वर सोलापुरी चादर, पाठीला दोन तक्के, दिवसा बैठक आणि रात्री पाहुण्यांचं अंथरूण. गादीला अधूनमधून ऊन दाखवा आणि पावसाळ्यात जमिनीवर थेट ठेवू नका, खाली ओल धरते. कपाटंसुद्धा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

लाकडी स्टूल, ट्रंक, आरसा यासाठी जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा. लाकूड उलटं करून बघा, बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या, कीड घरातल्या बाकी लाकडालाही लागते. टेम्पोवाल्याचं भाडं वस्तूचे पैसे द्यायच्या आधी ठरवा. फळ्या हव्या असतील तर भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लायचे उरलेले तुकडे विचारा, विटांवर ठेवले की पुस्तकांचं शेल्फ झालं. हुक, कड्या बोहरी आळीत, डबे-पायपुसणी तुळशीबागेत.

भिंतींची मात्र खूप काळजी घ्या. चिकटवायचे हुक डिस्टेंपरवर लावले तर काढताना रंगाचे पापुद्रे येतात, माझ्या डिपॉझिटमधून त्याचे पैसे गेले आणि ते फार लागलं मनाला. म्हणून फ्रेम टांगायच्याऐवजी शेल्फवर भिंतीला टेकवून ठेवा, आणि राहायला जायच्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे, नळाचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सअॅप करा.

झाडं शेवटी. मनी प्लांटची फांदी शेजारच्या काकूंकडे मागा, काचेच्या बाटलीत पाण्यातच वाढते, आठवड्याला पाणी बदला. स्नेक प्लांट घेतलात तर कुंभारवाड्यातली मातीची, खाली भोक असलेली कुंडी घ्या आणि पावसाळ्यात बोट खुपसून माती पूर्ण कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नका, माझं पहिलं झाड मुळाशी सडून गेलं ते रोजच्या पाण्यानेच.