स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? या चुका टाळा

आत्याला आमवात होऊन चौदा वर्षं झाली. त्यातली शेवटची नऊ वर्षं ती रोज सकाळी चहा-बिस्किटाबरोबर वायसोलोन, म्हणजे प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी घेते, आधी १० मिलिग्रॅम घ्यायची, मग साडेसात. गेल्या वर्षी तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशनची तारीख मिळाली आणि आम्ही सगळे कामाला लागलो, मेडिक्लेमची मंजुरी, रक्ताची सोय, रात्री कोण थांबणार, डबा कोण आणणार, सगळं वहीत लिहून काढलं, आणि ही एवढीशी गोळी मात्र कुणाच्याच वहीत नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे आत्यानं पर्समधून सुपारीची स्टीलची डबी काढली, त्यात तिच्या गोळ्या असतात, आणि मला म्हणाली, "अरे, काही खायचं-प्यायचं नाही म्हणालेत ना, मग ही पण नको." मी म्हटलं, "राहू दे, उद्या घे." ही आमची पहिली चूक, आणि ती मीच केली.

ऑपरेशन चांगलं झालं. रात्री साडेदहाला बीपी ८४/५०. सलाईन जोरात सोडलं तरी वर येईना, मळमळ, पोटात दुखतंय, आणि मला ती "दादा, दादा" म्हणायला लागली, दादा म्हणजे माझे वडील, जे सहा वर्षांपूर्वी गेले. आतून रक्तस्राव होतोय का अशी शंका आली, पोट परत उघडावं लागेल का इथपर्यंत बोलणं गेलं. मग रात्रपाळीच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "यांना आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत? नावं सांगा." मी ती डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाकीट उलटून नाव वाचलं आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे स्टिरॉइडचंच, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. दोन-अडीच तासांत बीपी शंभरच्या वर आलं, आणि सकाळी आत्या मला माझ्या नावानं हाक मारून विचारत होती की चहा कधी मिळेल.

हे का होतं ते आधी समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळेल. दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी, त्या कॉर्टिसोल बनवतात, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. ऑपरेशन, जंतुसंसर्ग, मोठी जखम असा ताण आला की निरोगी शरीर हे कॉर्टिसोल कितीतरी पटीनं वाढवतं आणि त्यावर बीपी टिकून राहतं. पण बाहेरून रोज स्टिरॉइड मिळत असेल तर मेंदू या ग्रंथींना हुकूम देणंच बंद करतो आणि त्या सुस्तावतात. साधारण प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन-चार आठवड्यांच्या वर चालू असेल, तर हे झालं असेल असं धरूनच चालायचं. गोळी थांबवली म्हणून त्या दुसऱ्या दिवशी जाग्या होत नाहीत, कधीकधी महिनेच्या महिने जातात. १९५२ सालीच अमेरिकेत एका ३४ वर्षांच्या आमवाताच्या पेशंटची केस छापून आली होती, कॉर्टिसोन (तेव्हाचं स्टिरॉइड) थांबवून ऑपरेशन केलं आणि बीपी जे पडलं ते परत आलंच नाही. म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांना सत्तर वर्षांपासून माहितीये, फक्त आपला पेशंट त्यातला आहे हे त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

आणि ते पोचत नाही ते आपल्या बोलण्यामुळे. भुलेच्या तपासणीत मला विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का, मी म्हणालो "संधिवाताच्या गोळ्या आहेत". झालं! संधिवाताची गोळी म्हणजे पेनकिलर पण असते आणि मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं स्टिरॉइड नसलेलं औषध पण. "स्टिरॉइड" हा शब्द तोंडातून निघायला हवा, आणि शक्यतो पाकीटच पुढे करायचं. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल, मेड्रोल, डेफकॉर्ट, बेटनेसॉल, डेक्सोना, ही सगळी स्टिरॉइडच आहेत, पण मिलिग्रॅम सारखे नाहीत बरं का, प्रेडनिसोलोनचे ५ म्हणजे मेड्रोलचे ४, डेफकॉर्टचे ६ आणि डेक्सामेथासोनचा (डेक्सोना, ज्याला नुसतं डेक्सा म्हणतात) जेमतेम पाऊण. "फक्त अर्धा मिलिग्रॅम घेतो" म्हणणारा माणूस डेक्सा घेत असेल तर तो अर्धा काही कमी नाही.

लपलेलं स्टिरॉइड तर कुणी मोजतच नाही. गुडघ्यात दर काही महिन्यांनी घेतलेलं इंजेक्शन, दम्याचा जास्त डोसचा पंप, वर्षानुवर्षं अंगभर चोळलेलं क्लोबेटासोलचं मलम. आणि त्या पुड्या! सांधेदुखीवर "एकदम जडीबुटीचं" म्हणून मिळणाऱ्या, दोन दिवसांत चालायला लावणाऱ्या पुड्या, अशांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. आमच्या पेठेतल्या एका आजी वर्षभर तसली पुडी घ्यायच्या आणि चेहरा गोल झाला, जे स्टिरॉइडचंच लक्षण, तर घरचे म्हणायचे तब्येत सुधारली. असलं काही चालू असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, ते रागावले तर रागावू देत.

आता सगळ्यात धोक्याचा सल्ला, जो आम्हाला तीन वेगवेगळ्या नातेवाईकांनी दिला: "स्टिरॉइडमुळे जखम भरत नाही, ऑपरेशनच्या आधी महिनाभर बंद करा." पहिला भाग खरा आहे. जखम सावकाश भरते, इन्फेक्शनचा धोका वाढतो, आतडं जोडलेली जागा गळण्याची भीती जास्त असते, हे सर्जननीच आम्हाला समजावून सांगितलं. पण त्यावर आपल्या मनानं गोळी तोडणं हा उपाय नाही. वेळ असेल तर डोस कमी करता येतो का हे आमवाताचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात, बाकीच्या आमवाताच्या औषधांचं आणि इंजेक्शनांचं पण तेच बघतात. आपण फक्त त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं करून द्यायचं. कॅन्सरच्या घाईत आमवाताच्या डॉक्टरांना कळवायचंच राहून जातं, आमचं राहिलं होतं, आठवड्यानंतर फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अहो, आधी एक मेसेज तरी करायचात."

भुलेच्या डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, आणि ऑपरेशनच्या वेळी स्टिरॉइडचं इंजेक्शन देणार का. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या ऑपरेशनसाठी भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आणि मग २४ तासांत २०० मिलिग्रॅम सलाईनमधून असं दिलंय. हे आकडे हातात घेऊन भांडायला जाऊ नका, ऑपरेशन किती मोठं यावर डोस बदलतो, फक्त तेवढी जागा बधिर करून छोटी बायोप्सी असेल तर बहुतेक वेळा नेहमीची गोळी पुरते. उलटी होऊ नये म्हणून पुष्कळदा डेक्सा देतात, ६ ते ८ मिलिग्रॅम दिला असेल तर पहिल्या दिवसाचं काम त्यातच भागतं. म्हणजे आपण "इंजेक्शन दिलं नाही" म्हणून घाबरायचं आणि तिथे ते आधीच दिलेलं असायचं, म्हणून विचारा.

वॉर्डात आल्यावर दोन गोष्टी. शुगर वाढते, कधी डायबेटिस नसताना सुद्धा, तर "आम्हाला शुगर नाही" म्हणून तपासायला नाही म्हणू नका. आणि ताप नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, स्टिरॉइड ताप आणि पोटाची दुखणी दोन्ही झाकतं. नाडी जोरात पळतेय, माणूस गळून गेलाय, पोट फुगलंय, तर थर्मामीटर काहीही म्हणू दे, सिस्टरना बोलवा. हो, आणि चिकटपट्टी ओढू नका, इतक्या वर्षांच्या स्टिरॉइडनं कातडी कागदासारखी होते, आत्याच्या हाताची पट्टी मी झटकन काढली आणि रुपयाएवढं कातडं तिच्याबरोबर आलं, ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा ते जास्त दिवस चिघळलं. आधी ओली करून, दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरून, सावकाश काढायची.

डिस्चार्जच्या वेळी कागद उभ्यानंच वाचा. नेहमीची गोळी लिहिलीये का, वाढवलेला डोस किती दिवस, आणि मूळ डोसवर कधी यायचं. दोन्ही बाजूंनी चूक होते, एकतर गोळी यादीतून गळते, नाहीतर दुप्पट डोस दोन दिवसांऐवजी दोन महिने चालू राहतो आणि मग जखम भरेना.

घरी आल्यावर उलटी झाली तर काय करायचं हे लेखी मागून घ्या. आम्हाला सांगितलं होतं, गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटून पडली तर परत द्या, तीही पडली तर वाट बघू नका, इंजेक्शनसाठी घेऊन या. आणि हे गणपतीच्या दिवसांत झालं! विसर्जनाच्या दिवशी आमच्या शनिवार पेठेतनं रिक्षा सोडाच, स्कूटर बाहेर काढता येत नाही. म्हणून आदल्या दिवशीच आत्याला कोथरूडला बहिणीकडे नेऊन ठेवली, दोन पाकिटं जास्तीची घेतली, आणि तिच्या मोबाईलच्या पहिल्या स्क्रीनवर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलं: नऊ वर्षं प्रेडनिसोलोन चालू आहे, अचानक बंद करू नये, बीपी पडलं तर हायड्रोकॉर्टिसोन. तिथे आधी बाप्पाचा फोटो होता, तो तिनं मागच्या कव्हरमध्ये सरकवला.