शनिवारच्या वर्गाला येण्याआधी

ओहायोतल्या कोलंबसमध्ये भूतानी-नेपाळी वस्तीतला अमेरिकन नागरिकत्व परीक्षेचा वर्ग पुन्हा सुरू होतोय. आपल्या मराठी मंडळातून मदतीला येणाऱ्यांनी आधी एक मनाशी पक्कं करावं. वर्ग चालवणार आहेत ती तिथलीच, नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांत जन्मलेली विशीतली मुलं. आपण त्यांच्या हाताखाली. हॉलची किल्ली, हजेरीची वही आणि फोनयादी शुक्रवारीच त्यांच्याकडे पोचलेली असावी. वेळापत्रकही तीच लावतील. एकदा ते मी लावलं आणि नेमका दसैंचा, म्हणजे नेपाळी दसऱ्याचा, टिळा लावायचा दिवस धरला. दसरा आपलाही होता, पण आपण तो सोयीच्या रविवारी उरकतो. पस्तीस खुर्च्या मांडून एकटा बसलो होतो.

प्रत्येकाला ग्रीन कार्ड आणायला सांगा, आणि त्यावरची ‘रेसिडेंट सिन्स’ची तारीख बघितल्याशिवाय इंग्रजीला हात घालू नका. १९९०च्या सुमारास भूतानमधून हाकललेली ही माणसं झापा-मोरङच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहून २००८पासून इकडे येत गेली. अर्ज करताना वय ५५ आणि कायम वास्तव्याला १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ असते. नागरिकशास्त्राचे प्रश्न नेपाळीतून देता येतात, फक्त दुभाषी आपला आपण न्यायचा. २००९-१०ला आलेल्या कित्येक आमा (आईच्या वयाच्या बायका) आता यात बसतात, आणि बिचाऱ्या अजून स्पेलिंगं घोकतायत!

मग अर्जाच्या पावतीची तारीख. २० ऑक्टोबर २०२५पासूनच्या अर्जांना नागरिकशास्त्राच्या १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर लागतात. त्याआधीच्यांना १००पैकी १०, आणि ६ पुरतात. दोन्ही संच वेगवेगळ्या रंगाच्या कागदावर छापून आणा, नाहीतर गोंधळ ठरलेला.

पेनं, मोठ्या अक्षरांचे कागद वगैरे नेहमीचंच. नेपाळीचीही लिपी देवनागरीच, ती मात्र आपली खरी शिदोरी. एका आमांच्या वहीत ‘कन्स्टिट्युसन’ असं लिहिलेलं होतं. ते सुधारायला जाऊ नका, त्या तसंच म्हणतात आणि समोरच्याला कळतं. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी मुलं आपल्या आवाजात उत्तरं रेकॉर्ड करून फोनवर टाकतात.

हाक मारताना जपा. ‘भाइ’ म्हणजे धाकटा भाऊ, थोरल्याला ‘दाइ’. आपल्याला ऐकायला विचित्र वाटतं, पण पन्नाशीच्या माणसाला ‘भाइ’ म्हणालात तर बाकीचे हसतील.

कोणाची जुनी पोलीस केस निघाली तर सल्ला देऊ नका, फॉर्म बाजूला ठेवून वकिलाकडे पाठवा. २०२५मध्ये अशांतल्या काहींना भूतानला परत धाडलं आणि भूताननं त्यांना ठेवूनही घेतलं नाही.

पहिल्या तासाला आपल्यापैकी कोणी फळ्याजवळ उभं राहू नये. मागच्या रांगेत बसा. शिकवणाऱ्याचं काही चुकलं तर चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगा, आमांच्या देखत नको.